हिवाळ्यात लडाखला पहिल्यांदा जाताय? तिकीट काढण्यापासून परतीपर्यंतची तयारी

डिसेंबर ते मार्च या काळातलं लडाख आणि उन्हाळ्यात बायकर्सनी गजबजलेलं लडाख यांची तयारी सर्वस्वी वेगळी आहे. सिंधूच्या काठाला बर्फाची किनार धरते, खारं पाणी असूनही पँगाँग गोठतं, लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर मुलं आइस हॉकी खेळतात. नशीब असेल तर हिमबिबट्याही दिसतो. देशातल्या ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत, असं २०२४ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय गणनेतून समोर आलं. भक्ष्यामागोमाग ते हिवाळ्यातच खाली उतरतात. माझ्या मते लडाख पाहायचं तर याच दिवसांत. पण पुण्या-मुंबईहून जाणारे बहुतेक जण थंडीचीच तयारी करतात आणि उंचीला विसरतात. थंडीवर कपड्यांचा उपाय आहे, विरळ हवेवर दिवस हाताशी ठेवण्यावाचून दुसरा खात्रीचा उपाय नाही. पुढचं सगळं नियोजन याच एका गोष्टीभोवती करा.

१. आधी डॉक्टर, मग तिकीट

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीपेक्षा वर असता. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. खारदुंग ला किंवा चांग ला या खिंडींवर तो निम्म्याच्या आसपास येतो.

हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला आणि ते नको म्हणाले तर ऐका. विदर्भातल्या आणि नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या वाचकांनी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का ते आवर्जून बघावं. सिकलसेलच्या रुग्णाला एवढी उंची धोक्याची आहेच, पण फक्त वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत माणसालाही उंचीवर प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो. ही गोष्ट टूर कंपनीच्या माहितीपत्रकात मला कधी दिसली नाही.

याच भेटीत अ‍ॅसिटाझोलामाइडबद्दल विचारा, दुकानात ती ‘डायमॉक्स’ नावाने मिळते. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ती साधारणपणे १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, वर चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरून जाऊ नका.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला त्रास होत नाही, असं मुळीच नाही. तंदुरुस्ती आणि उंची सोसणं यांचा संबंध फार थोडा. उलट दमदार माणूस पहिल्याच दिवशी भरभर चालायला लागतो आणि आडवा पडतो.

२. दिवसांचं गणित

हिवाळ्यात मनालीचा रस्ता बंद असतो आणि श्रीनगरकडच्या रस्त्यावरची झोजी ला ही खिंडही बर्फामुळे महिनोन् महिने भरवशाची नसते. झोजी लाचा बोगदा पूर्ण होईपर्यंत पर्यटकांसाठी व्यवहार्य मार्ग विमानाचाच. लेहची विमानं सकाळी उतरतात आणि उडतात, कारण दुपारी दरीत वारा सुटतो. बर्फ पडला किंवा ढग उतरले की ती रद्द होतात. हिवाळ्यात हे नेहमीचंच आहे.

म्हणून:

- आठ दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर हा बेत पुढे ढकला.
- पहिले तीन दिवस लेहमध्ये, हे वजा करून मगच फिरण्याचे दिवस मोजा.
- परतीच्या आधी एक, शक्य असेल तर दोन दिवस रिकामे ठेवा.
- दिल्लीत विमान बदलायचं असेल तर मुंबई-पुण्यापर्यंतचं पूर्ण तिकीट एकत्र काढा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि लेहचं विमान रद्द झालं, तर पुढचं तिकीट बुडतं.

जानेवारी सगळ्यात थंड. लेहमध्ये रात्री उणे १५ अंश अगदी नेहमीचे, आणि द्रासला पारा उणे २० च्याही खाली उतरतो. पहिल्या खेपेला फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडा असं मी सुचवेन. तळी गोठलेलीच असतात, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि ऊन जरा ऊब देतं.

३. कागदपत्रं

- आधार किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. शिवाय चार-पाच झेरॉक्स, कारण चौक्यांवर त्या द्याव्या लागतात.
- नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी, हानले या सीमेलगतच्या भागांसाठी लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर भरलेल्या शुल्काची आणि परवान्याची छापील प्रत. हे नियम बदलत असतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या कोणावर विसंबू नका. निघण्याच्या आठवड्यात स्वतः तपासा.
- रोजच्या औषधांची चिठ्ठी.
- प्रवास विमा. किती उंचीपर्यंत लागू आहे आणि तातडीने खाली हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे बारीक अक्षरांत वाचा.
- रोख रक्कम. लेहबाहेर यूपीआय नेटवर्कच्या मर्जीवर असतं.

दोन सापळे. पहिला, लडाखबाहेर घेतलेलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. गटातल्या किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड असू द्या. दुसरा सापळा परदेशातून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांसाठी. पासपोर्ट परदेशी असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही सीमाभागासाठी प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं आणि ते नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटमार्फत काढावं लागतं. अमेरिका-युरोपात ट्रेकिंगला सर्रास वापरतात ते सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. ती घरीच ठेवून या, असं त्यांना आधीच कळवा.

४. कपडे: एक जाड नको, चार पातळ

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपल्याकडे बातमी होते, त्यामुळे उणे वीस अंश म्हणजे काय याचा अंदाज आपल्याला नसतो. त्यात वारा. पारा उणे २० वर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला थंडी उणे ३३ अंशांइतकी लागते. खिंडीत गाडीतून उतरताना हेच होतं.

अंगालगतचा थर घाम शोषून धरणारा नसावा, म्हणून सुती बनियन आणि सुती मोजे नकोत. सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. हिवाळ्यातल्या प्रवासात जीन्स तर बॅगेतही ठेवू नका. लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर पिसांचं डाऊन जॅकेट आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जर्किन. खाली थर्मल, फ्लीसची पँट आणि वर वारारोधक पँट.

जॅकेटवर खर्च करणारी मंडळी पायांकडे दुर्लक्ष करतात. बूट जाड लोकरी मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना विकत घ्या. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. हातांना आत पातळ बोटांचे मोजे आणि वर सगळी बोटं एकत्र राहतील असे जाड मोजे, म्हणजे फोटोसाठी वरचे काढले तरी हात उघडे पडत नाहीत. कानटोपी, मान आणि नाक झाकणारा बफ, अतिनील किरण अडवणारा चांगला गॉगल. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे भाजल्यासारखे होतात, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल लावा. सनस्क्रीन आणि ओठांचा बाम हवाच.

डाऊन जॅकेट आणि बूट लेहच्या बाजारात भाड्यानेही मिळतात. एकदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका. मात्र विमानतळावर उतरतानाच थंडी गाठते, म्हणून थर्मल, टोपी, हातमोजे आणि एक गरम जॅकेट विमानात हातातल्या सामानात ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्याही चेक-इन सामानात चालत नाहीत, त्याही तिथेच.

५. खोली घेण्याआधी फोनवर विचारा

हिवाळ्यात लेहमधली बरीच हॉटेलं बंद असतात. जी उघडी असतात त्यांना हे विचारा: खोली कशाने गरम करता आणि रात्री किती वाजेपर्यंत? नळ चालू आहेत की पाणी बादलीने मिळेल? वीज गेली तर काय सोय? नळ गोठणं इथे नेहमीचं आहे, बादलीच्या पाण्याला हॉटेलची गैरसोय समजू नका. गावातल्या होमस्टेमध्ये पारंपरिक कोरडं शौचालय असतं, मैल्यावर माती-राख टाकतात आणि पुढे त्याचंच खत होतं. गोठवणाऱ्या हवेत ते फ्लशच्या शौचालयापेक्षा कितीतरी भरवशाचं.

मी होमस्टेची शिफारस करेन. स्वयंपाकघरातली चूल घराची सगळ्यात उबदार जागा असते आणि पाहुण्यालाही तिथेच बसवतात. थुक्पा (शेवयांचं सूप) आणि स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा) गरम मिळतं, लोणी-मिठाचा गुरगुर चहा पहिल्या घोटाला वेगळा लागेल, पण त्या थंडीत तो अंगी लागतो.

आता बुखारी (खोली गरम करायची लोखंडी शेगडी) आणि गॅस हीटरबद्दल. बंद खोलीत कोळशाची शेगडी, धुराडं नसलेली बुखारी किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची डोकेदुखी, मळमळ, गुंगी अगदी उंचीच्या त्रासासारखीच असते, त्यामुळे माणूस गाफील राहतो. झोपण्यापूर्वी आग विझवा, खिडकीची फट उघडी ठेवा, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या.

६. लेहमधले पहिले तीन दिवस

पहिला दिवस: खोलीवर जा आणि थांबा. बॅगा स्वतः उचलून जिने चढू नका. खा, पाणी प्या, पडून राहा. दिवसा गाढ झोपण्यापेक्षा जागं राहून विश्रांती घेतलेली बरी, कारण झोपेत श्वास मंदावतो. अंघोळीची घाई नको. दारू या तीन दिवसांत नको, झोपेची गोळीही नको. दोन्हींनी श्वास आणखी मंद होतो.

दुसरा दिवस: दुपारच्या उन्हात बाजारात सपाटीवर सावकाश फेरी. लेहचा राजवाडा आणि शांती स्तूप चढावर आहेत, ते आज टाळा.

तिसरा दिवस: गाडीने पश्चिमेला, सिंधूच्या प्रवाहाच्या दिशेने जा. निम्मूजवळ झंस्कार आणि सिंधू यांचा संगम, पुढे आल्ची. आल्चीचा मठ सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहे. तिथली भित्तिचित्रं साधारण अकराव्या-बाराव्या शतकांतली मानतात. मंद उजेडात ती नीट बघायला वेळ द्या, फोटोला मनाई असेल तिथे कॅमेरा काढू नका.

‘आम्हाला काहीच होत नाही, आजच खारदुंग ला करून येऊ’ हे वाक्य पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणतं. त्रास बहुतेकदा पोचल्यानंतर काही तासांनी, अनेकदा पहिल्या रात्री सुरू होतो. त्यामुळे दुपारी बरं वाटण्याला काही अर्थ नाही.

कापराची पुरचुंडी हुंगल्याने मोकळं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसणाचं सूप गरम आणि चविष्ट आहे, औषध नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो आणि तो विमानात नेताही येत नाही.

७. कधी थांबायचं, कधी खाली उतरायचं

डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ, थकवा, झोप न लागणं हा सौम्य त्रास. आणखी वर जाऊ नका, विश्रांती घ्या. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

पुढची लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका:

- नुसतं बसूनही धाप लागणं, खोकला, छातीत घरघर, गुलाबी फेसाळ थुंकी. हे फुप्फुसांत पाणी साचल्याचं लक्षण.
- तोल जाणं, असंबद्ध बोलणं, विचित्र वागणं, ग्लानी. हे मेंदूला सूज आल्याचं लक्षण. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. जमत नसेल तर प्रकरण गंभीर आहे.

अशा वेळी ऑक्सिजन, डॉक्टर आणि खाली उतरणं. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे, टॅक्सीवाले त्याला एसएनएम म्हणतात. पोचल्याच दिवशी ते कुठे आहे हे माहीत करून घ्या. ऑक्सिमीटर जवळ असावा, पण गार बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवतो. आधी हात चोळून गरम करा. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

हिमदंशाची सुरुवात बधिरपणाने होते: कातडी पांढरट, मेणचट दिसते आणि दुखायचं थांबतं. चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका, चुलीवर शेकूही नका, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. सुरुवातीलाच लक्षात आलं तर बोटं काखेत धरा. भाग कडक झाला असेल तर कोरड्या कापडात सैल गुंडाळून रुग्णालय गाठा.

८. लेहबाहेर कोणत्या क्रमाने

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर जाऊ नये, हा साधा नियम. त्यानुसार आधी नुब्रा. दिस्कित आणि हुंदर लेहपेक्षा खाली आहेत, फक्त वाटेत खारदुंग ला ओलांडावी लागते. खिंडीवर दहा-पंधरा मिनिटांच्या वर रेंगाळू नका.

पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे हिवाळ्यात पहिल्याच खेपेला रात्र काढण्यापेक्षा पहाटे लेहहून निघून संध्याकाळी परत या, किंवा अलीकडे तांगत्सेला मुक्काम करा. बर्फावर उतरायचं ते स्थानिक माणसाला विचारूनच. २०२३ च्या फेब्रुवारीत या तळ्यावर अर्धमॅरेथॉन झाली होती, तिचे व्हिडिओ बघून अनेकांना वाटतं की बर्फ सगळीकडे दगडासारखा असतो. त्या दिवशी मार्ग आधी तपासून आखलेला होता.

हानले सुमारे साडेचार हजार मीटरवर आहे. तिथली वेधशाळा आणि ते आकाश मनात भरून राहतं, पण पहिल्या हिवाळ्यात नको. हिमबिबट्यासाठी रुम्बक किंवा उले हे गाव गाठा, स्थानिक वाटाड्या घ्या आणि चार-पाच दिवस नुसतं बसून दुर्बिणीतून डोंगर बघण्याची तयारी ठेवा. चादर ट्रेक, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालण्याचा ट्रेक, करायचा असेल तर लेहमधली वैद्यकीय तपासणी सक्तीची असते, तेवढे दिवस वेगळे धरा.

गाडी आणि चालक लेहचेच घ्या. बाहेरच्या टॅक्सीला स्थानिक फेऱ्या करू देत नाहीत, आणि साखळ्या लावून बर्फात गाडी चालवणं हे त्यांचं रोजचं काम आहे. साधं डिझेल त्या थंडीत घट्ट होतं. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. चालक ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

९. रोजच्या बारीकसारीक गोष्टी

पाणी तीन-चार लिटर लागतं, पण थंडीत तहान कळत नाही. थर्मास घ्या. साधी बाटली असेल तर बॅगेत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाचं तोंड मोकळं राहतं. फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, थंडीत त्या झपाट्याने उतरतात. बाहेरून खोलीत शिरताना कॅमेरा पिशवीत बंद असू द्या, नाहीतर भिंगावर दव धरतं.

मधुमेहींसाठी: इन्सुलिन गोठलं की ते वाया गेलं, वितळवून पुन्हा वापरू नये. तेही अंगाजवळ आणि रात्री अंथरुणात. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचं वाचन देऊ शकतो, तो गरम खोलीत वापरा.

भूक मंदावते म्हणून घरचं खाणं उपयोगी पडतं. डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, मेतकूट. मेतकूट-भात कुठल्याही होमस्टेच्या चुलीवर दहा मिनिटांत होतो. पिकनिकला नेतो तसा ओलसर खाऊ नेऊ नका, तो दगडासारखा होतो.

प्लॅस्टिकचा कचरा लेहपर्यंत परत आणा. गावात कचरा उचलायची सोय नाही आणि थंडीत काहीच कुजत नाही.

१०. परतीचा दिवस

आदल्या संध्याकाळी विमान कंपनीचा संदेश आणि हवामान दोन्ही बघा. विमानतळावर लवकर पोचा, सुरक्षा तपासणी कडक असते आणि तळ हवाई दलाचा असल्यामुळे फोटो काढायची परवानगी नसते. विमान रद्द झालं तर काउंटरपाशी गर्दीत उभं राहण्याऐवजी एकाने रांगेत थांबावं आणि बाकीच्यांनी फोनवरून पुढच्या दिवसाची जागा मागावी. हॉटेलच्या खोलीची किल्ली विमान उडेपर्यंत परत करू नका, निदान मालकाला ‘परत येऊ शकतो’ एवढं सांगून ठेवा. हिवाळ्यात ते समजून घेतात.